यायची सक्ती नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

वाचाबाईंनी आज तिकिटांची सात पुस्तकं माझ्या हातात ठेवली. पन्नासाचं एक, म्हणजे साडेतीनशे. हॉलमध्ये खुर्च्याही तेवढ्याच. तीन आठवड्यांत त्यांनी स्वतः विकली तेरा. त्यातली चार त्यांच्या सख्ख्या भावानं घेतली.

वाचाबाई हे नाव मी ठेवलेलं. मेंदूच्या झटक्यानं ज्यांची वाचा गेली त्यांना त्या आपल्या केंद्रात पुन्हा बोलायला शिकवतात. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, झटका येऊन चौदा महिने झाले. हातपाय बऱ्यापैकी सावरले, काठी घेऊन चालते. बोलणं सावरलं नाही. समजतं सगळं, अगदी पूर्वीइतकं, पण शब्द येत नाही किंवा भलताच येतो. चमचा हवा असला की ‘रविवार’ म्हणते. टॉवेल हवा असला तरी ‘रविवार’. हो, नको आणि या, एवढे तीन शब्द तेवढे हुकमी आहेत.

गाता मात्र येतं. बाई म्हणतात, मेंदूत बोलण्याची वाट वेगळी आणि गाण्याची वेगळी. एक बंद पडली की दुसरीनं जायचं. डेपोच्या भाषेत सांगायचं तर बदललेला मार्ग. तर अशा अकरा जणांचा बाईंनी गट केला, दहा महिने गाणी बसवली, आणि आता तीस तारखेला, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता कार्यक्रम. येईल त्या पैशातून आणखी एक शिकवणारी नेमायची आहे, कारण एकोणीस जण रांगेत आहेत.

“काका, तुम्ही चौतीस वर्षं बस डेपोच्या तिकीटखिडकीवर होतात ना?” बाईंनी विचारलं. “मला माणसं हवीयत.”

“किती?”

“हॉल भरेल एवढी.”

मी वहीत ‘३५०’ लिहिलं. वही आहेच, तर रोजची नोंदही हिच्यातच करावी म्हणतो.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन दिवसांत चार तिकिटं. खिडकीच्या आतून विकणं वेगळं आणि दारोदार फिरून विकणं वेगळं, हे मान्य करावं लागतं. खिडकीवर लोक हात जोडायचे, आता मी जोडतोय.

अडचण तिकिटाच्या किमतीची नाही. लोक विचारतात, कार्यक्रम कशाचा? मी सांगतो, बोलता न येणारे लोक गाणार आहेत. की लगेच चेहरा पडतो. शेजारच्या काकू तर तोंडावर म्हणाल्या, “मला नाही हो बघवत. वहिनींना खिडकीतून बघते तेवढंच खूप झालं.” त्यांचं अगदीच चूक आहे असंही नाही.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्या तीस वर्षांच्या ओळखीचा, स्वभावानं रोखठोक. तो म्हणाला, “हे बघा, तुम्ही गळ घालाल आणि मी हो म्हणेन, पण रविवार आहे, मी काही येणार नाही.”

मी वैतागून म्हणालो, “मग येऊ नका. यायची सक्ती नाही. तिकीट तेवढं घ्या.”

त्यानं दहा घेतली. हसत हसत घेतली, वर मला बसायला स्टूल दिलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

गुपित सापडलं. आता दारात उभा राहिलो की पहिलं वाक्य हेच: “यायची सक्ती नाही.” माणसाचे खांदे खाली येतात, हात खिशाकडे जातो. आजवर एकसष्ट. मी आवाजही ठरवून ठेवलाय, जरा हळू आणि समजूतदार.

खिडकीवर असताना आम्ही म्हणायचो, तिकीट काढून गाडीला न येणारा प्रवासी सर्वांत चांगला. ना खिडकीशेजारच्या जागेवरून भांडण, ना तक्रारवही. इथंही तेच धोरण लागू पडतंय. बाईंना हे सुचलं नसतं. त्या फार भावनेनं जातात.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

एकशे दोन.

आज मंगळवार, सरावाचा दिवस. हिला केंद्रावर सोडलं आणि नेहमीप्रमाणे जिन्याखालच्या बाकावर पेपर वाचत बसलो. बाकीच्यांचे नवरे, बायका, मुलं आत बसतात. मला आत काय काम?

एकदा बसलो होतो, पहिल्याच आठवड्यात. हिनं अर्धी ओळ म्हटली. आवाज पूर्वीचाच होता, जसाच्या तसा. मला एकदम आठवलं की घड्याळाचा सेल बदलायचा राहिलाय, म्हणून उठून गेलो. घड्याळवाला म्हणाला, जुना सेल चांगला आहे. तरी बदलून घेतला. तेव्हापासून बाकच बरा वाटतो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लेकीचा फोन. ती कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पोहोचणार आहे.

“बाबा, आईचं एकटीचं कडवं आहे म्हणे?”

“आहे एक. नावेचं गाणं आहे, त्यातलं.”

“म्हणते कशी?”

“बरी म्हणते.” मी ऐकलेलं नाही, पण बाई तसं सांगतात.

“आणि तुम्ही कुठं बसणार? आईला समोर दिसाल असं बसा.”

मी सांगितलं, मी दारावर असणार. तिकीट फाडायला अनुभवी माणूस लागतो. तिनं विषयच बदलला, म्हणाली, “किती खपली?” मी म्हणालो, एकशे अठ्ठेचाळीस. तिला आनंद झाला असावा. लाइन नीट नव्हती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दुपारी बाहेरून आलो तर घरातल्या साऱ्या खुर्च्या बाहेरच्या खोलीत एका रांगेत मांडलेल्या. जेवणाच्या टेबलाच्या चार, माझी वेताची, स्वयंपाकघरातलं स्टूलसुद्धा. ही समोर भिंतीला टेकून उभी. मला बघून गप्प झाली.

पुसायला काढल्या असतील म्हणून मी फडकं आणलं, खुर्च्या पुसल्या आणि जागच्या जागी ठेवल्या. तासाभरानं बघतो तर पुन्हा रांग. वेताची खुर्ची या खेपेला मधोमध. मी म्हणालो, “अगं, पुसून झाल्यात.” तर कपाळावर हात मारला आणि “रविवार, रविवार” म्हणत आत निघून गेली. हल्ली मधूनच चिडते. बाईंना विचारायला हवं.

दोनशे चार.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

तीनशे बारा! नऊ दिवस हातात ठेवून. ही बातमी मी मुद्दाम केंद्रात जाऊन दिली. येणाऱ्यांची यादी हवी म्हणून बाईंनी कागद घेतला. मी म्हणालो, त्यांची यादी छोटी आहे.

“म्हणजे?”

मी त्यांना पद्धत समजावून सांगितली. खांदे, खिसा, आवाज, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “काका, नक्की किती जण येतील?”

“नातेवाईक धरून चाळीस.”

बाई खुर्चीवर बसल्या. “दहा महिने मी यांना सांगतेय, समोर माणसं असतील. घरच्यांसमोर कुणीही बोलेल, अनोळखी माणसांसमोर तोंड उघडायचंय. त्यासाठीच तर हे सगळं आहे, काका. पैसे तर मी कुठूनही भीक मागून आणले असते.”

“पण तुम्ही म्हणालात—”

“मी म्हणाले होते, माणसं हवीयत.”

म्हणाल्या होत्या. वहीत मागं जाऊन पाहिलं, माझ्याच अक्षरात आहे. तरीही सांगतो, मला राग आला. चौतीस वर्षांत तिकिटं जास्त विकली म्हणून मला कुणी बोललं नव्हतं.

मागं वळलो तर दारात ही उभी. कार्यक्रम जवळ आला म्हणून ठेवलेला जादा सराव संपला होता. तिनं सगळं ऐकलं होतं. घरापर्यंत चार गल्ल्या, ती माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिली. तिच्या हातात काठी असूनही मला तिला गाठता आलं नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हिनं चहा फक्त स्वतःपुरता केला. हे चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बाईंनी लेकीला कळवलेलं दिसतंय. फोनवर ती माझ्यावर तुटूनच पडली. “आई चाळीस वर्षं त्या घरात खपली बाबा, तेव्हा कुणी बघायला आलं नाही. आता चार माणसांनी तिला बघावं एवढंच मागतेय ती. आणि तुमची तिकिटं खपली की झालं तुमचं काम?”

मी म्हणालो, असलं बोलणं मी खपवून घेणार नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की ही शेजारीच उभी होती आणि हसत होती. बरं हसणं नव्हतं ते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज जे झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी दहा वाजता हिनं माझ्या वहीतून तिकीट घेणाऱ्यांची यादी फाडून घेतली, काठी घेतली आणि निघाली. मी विचारलं, कुठं? चपला कशाबशा अडकवून मागं धावलो.

पहिलं हार्डवेअरचं दुकान. दुकानदार उठून उभा राहिला आणि नेहमीसारखं मला विचारलं, “कशी आहे तब्येत वहिनींची?” ही त्याच्यापासून हातभर अंतरावर. मी म्हणालो, “बरी आहे, जरा—”

हिनं काउंटरवर तळहात आपटला. खिळ्यांचा डबा हलला.

“या,” ती म्हणाली.

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी सांगायला लागलो, “तिचं म्हणणं असं की—” तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. दुकानात तिघं गिऱ्हाइकं होती. मला कुठं तोंड लपवावं ते कळेना, आणि तोंड तर तिच्याच हाताखाली.

“या,” ती पुन्हा म्हणाली. मग ओठ हलवत राहिली. किती वेळ, सांगता येत नाही. एका गिऱ्हाइकानं मोबाइल खिशात ठेवला. शेवटी आलाच: “रविवार.”

“रविवारी?” दुकानदारानं तिलाच विचारलं.

“हो. या.”

चौदा महिने तो शब्द घरभर नुसता भटकत होता, चमच्याला, टॉवेलला, डॉक्टरला. आज पहिल्यांदा आपल्या जागी बसला. तिलाही ते कळलं. दुकानाबाहेर येऊन ती पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. मग यादीतल्या दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

चार दिवसांत ब्याण्णव दारं. पाय माझे दुखतायत, तिचे नाहीत.

माझं काम एवढंच: पत्ता शोधायचा, बेल वाजवायची आणि गप्प राहायचं. यातलं तिसरं सर्वांत अवघड. तिचा शब्द अडला की माझ्या जिभेवर तयार असतो. आजवर मी तो पटकन पुरवत आलो. मदतच करतोय असं मला वाटायचं. आता बाहेर पडण्याआधी ती बोट दाखवून बजावते.

काही जण टाळतात. एक गृहस्थ दार उघडून माझ्यावरच डाफरले, “तुम्हीच म्हणालात ना, यायची सक्ती नाही?” मी म्हणालो, म्हणालो होतो. “मग आता?” ही म्हणाली, “या.” ते गृहस्थ वरमले. येतील असं वाटत नाही.

शेजारच्या काकूंकडे मात्र ती एकटीच गेली. मला दारातूनच परत पाठवलं. अर्ध्या तासानं आली. भिंतीपलीकडून मला आधी काकूंचं रडणं ऐकू आलं, मग दोघींचं हसणं. हिला मोजून तीन शब्द येतात, अर्धा तास काय बोलल्या असतील?

एक गोष्ट लिहायची राहून जातेय. राहून जातेय म्हणजे मी ती टाळतोय. ‘यायची सक्ती नाही’ हे वाक्य फक्त धंद्याचं नव्हतं. लोकांनी येऊ नये असं मला वाटत होतं. एके काळी डेपोत येऊन सबंध तिकीटखिडकीला दम भरणारी ही बाई सगळ्या गावासमोर एका शब्दासाठी तोंड उघडझाक करत उभी राहणार, आणि लोक अरेरे म्हणणार. मला लाज वाटत होती. लोकांची वाटत होती असं लिहिणार होतो, पण नाही, तिची वाटत होती. आता लिहिलंय, खोडत नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर

लेक आली. आल्या आल्या आईजवळ गेली, मला फक्त “बाबा, दमलेले दिसताय” म्हणाली. रात्रीच्या जेवणाला तिघं होतो. चहा सकाळपासून पुन्हा दोघांचा होतोय.

सोमवार, १ डिसेंबर

काल लिहायला बसलोच नाही. आज सकाळी लिहितोय.

साडेचारला दारावर उभा राहिलो. पावणेपाचपर्यंत चौतीस माणसं, सगळी नात्यातली. मनात म्हटलं, माझा आकडा चुकत नाही. पण त्याचा आनंद झाला नाही. मग हार्डवेअरवाला आला, दहा तिकिटांवर दहा माणसं घेऊन. दुकानातली ती तिघं गिऱ्हाइकंसुद्धा त्यात होती. मग काकू. मग डाफरणारे गृहस्थ, माझ्याकडे न बघता. पाच वाजता मी तिकिटांचे तुकडे मोजले. एकशे सत्त्याऐंशी. अर्ध्याहून थोड्या जास्त खुर्च्या भरल्या होत्या.

“दार मी बघतो,” हार्डवेअरवाला म्हणाला. “तुम्ही आत जा.”

मी म्हणालो, माझं इथं काम आहे. त्यानं माझ्या हातातले तुकडे काढून घेतले आणि मला पाठीवर हात ठेवून आत ढकललं. अक्षरशः ढकललं.

मधल्या वाटेच्या कडेला एका खुर्चीत बसलो. अकरा जण अर्धवर्तुळात. बाई समोर, पाठ आमच्याकडे. पहिली दोन गाणी सगळ्यांनी मिळून म्हटली. सूर इकडेतिकडे होत होते. कुणी मोबाइल बघत नव्हतं.

मग नावेचं गाणं. ही एक पाऊल पुढं आली, काठी डाव्या हातात. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. आवाज पूर्वीचाच. या वेळी मला घड्याळ आठवलं नाही. तिसऱ्या ओळीत ‘किनारा’ शब्द होता, तिथं ती थांबली.

पेटीवाला थांबला. तिचे ओठ हलत होते. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ‘किनारा’ माझ्या दातांशी आला होता. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा अर्धा उठला, म्हणाला, “कि—” आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. तिनं ओळ पहिल्यापासून धरली, पुन्हा तिथंच अडली. परत पहिल्यापासून धरली. तिसऱ्या वेळेला गेली, ‘किनारा’ धरून थेट शेवटापर्यंत, आणि मग सगळे जण गायला लागले.

मी रडलो. चारचौघांत, रुमाल न काढता. टाळ्या किती वेळ वाजल्या ते मोजलं नाही.

संपल्यावर लोकांनी तिला घेरलं. ते तिच्याशी बोलत होते, माझ्याशी नाही, आणि उत्तर येईपर्यंत थांबत होते. मी बाजूला उभा. गर्दी ओसरली तशी ती माझ्यापाशी आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि हात पुढं केला. पंजा उघडा, खिडकीवर मी करायचो तसा.

ओठ जुळवायला वेळ लागला. मी थांबलो.

“ति... तिकीट?” ती म्हणाली.

मी खिसे चाचपले. मग कळलं. तीनशे बारा तिकिटं खपली होती आणि त्यात माझं नव्हतं. मी आत बसेन असं मला कधी वाटलंच नव्हतं. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेक शेजारी उभी होती, तिनं खाली मान घातली. चौतीस वर्षं लोकांना तिकीट विचारलं, आणि माझी ही गत.

आज सकाळी नऊ वाजता केंद्रात गेलो. बाई नुकत्याच कुलूप काढत होत्या. मी म्हणालो, एक तिकीट द्या.

“काका, कार्यक्रम झाला.”

“माहीत आहे. कालचंच द्या.”

त्यांनी उरलेल्या पुस्तकातलं एक फाडून दिलं. घरी आलो. ही टेबलाशी चहा घेत बसली होती. मी तिच्यासमोर ते तिकीट ठेवलं. तिनं ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि मधोमध नीट फाडून अर्धं मला परत दिलं.